वाहत्या नळाचे वैरी

पृथ्वीवर तीन भाग पाणी आहे आणि ते सगळं आपल्या डोळ्यांदेखत वाया चाललंय, अशी आमच्या साडूंची ठाम समजूत आहे. माणूस मूळचा अकोल्याचा, म्हणजे पाण्याची किंमत वेगळी शिकवायला नकोच. ऐंशीच्या दशकात इंजिनिअर होऊन अमेरिकेत आले ते थेट पश्चिम कॅन्ससमध्ये, हजारो गुरांना दाणा चारून लठ्ठ करणाऱ्या एका फीडलॉटवर पाण्याची व्यवस्था बघायला. अकोल्यात त्यांच्या आईला 'मुलगा गुरांची सेवा करतो' एवढंच ठाऊक होतं. त्या गुरांचं पुढे काय होतं, हे सांगायची घाई कुणी केली नाही.

सुट्टीत ते कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्याकडे आले की घरावर आणीबाणी लागू होई. मी दाढी करताना हे दारात उभे. ब्रश गालाकडे गेला की यांचा हात नळाकडे. एकदा तर माझी लेक डोक्याला शाम्पू चोळत असताना यांनी घराचा मुख्य व्हॉल्व्हच बंद केला. "डॅडी, काका डिड इट अगेन!" असा आतून टाहो. साडू बाहेरून शांतपणे म्हणाले, "अगं, फेस करायला पाणी कशाला लागतं? झालं की हाक मार, चालू करतो." ती पुढे दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

अशा माणसाच्या नशिबी कॅन्ससचा हिवाळा आला. गुरांच्या पिण्याच्या हौदातलं पाणी गोठू नये म्हणून थंडीभर नळ सोडून ठेवायचे आणि हौद वाहू द्यायचे, ही तिथली जुनी रीत. जमिनीखालचं पाणी वर्षागणिक खोल चाललेलं आणि वर हा पूर! साडूंना अन्न गोड लागेना. शेवटी सांडलेलं पाणी एका टाकीत गोळा करून पुन्हा हौदांत फिरवायची योजना त्यांनी मॅनेजरच्या गळी उतरवली. अट एकच: पाणी गोठून गुरं तहानलेली राहिली, तर साडूंनी सामान बांधायचं.

त्या नाताळात आम्ही तिकडेच होतो आणि थंडीनं नुसता कहर मांडला होता. एका सकाळी जागा झालो तर साडू गायब, आणि माझ्या अंगावरची गोधडीही. आमच्या दोघांच्या सामायिक सासूबाईंनी हातानं शिवलेली ती गोधडी टाकीजवळच्या उघड्या पाइपाला गुंडाळून, वर सुतळी आवळून, साडू लालबुंद नाकानं शेजारी उभे होते.

"अहो, मी गारठलो ना!"

"तुम्हाला कॉफी मिळते, साडूभाऊ. पाइपाला कोण देणार?"

पाणी गोठलं नाही. थंडी ओसरल्यावर मॅनेजरनं स्वतः येऊन हात मिळवला, आणि साडू दिवसभर लहान मुलासारखे हौदाहौदावरून हिंडत राहिले.

उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"वाचलेल्या पाण्याचं काय झालं माहितीये? मॅनेजरसाहेबानं त्याच्या जोरावर आणखी गुरं आणली. विहिरींतून उपसा पूर्वीइतकाच चाललाय. चुकलं का हो माझं?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असतो. त्या दिवशी तो मी गिळला. या वेड्या माणसावर आपला किती जीव आहे, हे मला तेव्हा कळलं. "नाही हो," एवढंच मी म्हणालो.

मग ते म्हणाले, "जाऊ दे. आलीयेत बिचारी, त्यांना तहान तर लागणारच. चला, ठेवतो. त्यांच्या हौदांना पाइप टाकायचाय."