रंभाजीची हिरवळ

आमच्या बागेत फिरायला येणाऱ्यांना रंभाजी फारसा आवडत नाही, आणि त्याचं त्याला काडीचंही दुःख नाही. हिरवळीवर चप्पल दिसली की तो नाव घेऊन हाक मारतो. मी कॉलेजात प्राचार्य होतो, मलाही त्याने सगळ्यांदेखत उठवलं आहे.

बागेआधी इथे मळा होता. त्याचे प्लॉट पडले आणि मधला तुकडा बागेसाठी सुटला. ठेकेदाराने भराव टाकला, गुलमोहर लावले, गोल हिरवळ केली. कारंजं उद्घाटनाला उडालं, त्यानंतर ते उडालेलं कुणी पाहिलं नाही. रंभाजी माळी म्हणून आला तो हे सगळं झाल्यावर. प्लॉट घेऊन राहणारे आम्हीही बाहेरचेच. भरावाखाली काय आहे, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

त्या हिरवळीच्या मधोमध जुन्या वस्तीतल्या बाळंतिणी बाळाच्या बाराव्या दिवशी येऊन सात खडे मांडत, शेंदूर लावत. साती आसरा, पाण्यातल्या देवता. कोरड्या गवतात पाण्याच्या देवता कशाला आल्या, हाही प्रश्न कुणाला पडला नाही. रंभाजी सकाळी ते खडे उचलायचा, धुऊन गुलाबाच्या वाफ्याला लावायचा. त्याच्या आज्याने छप्पन्न साली धम्म घेतला आणि घरातले देव टोपलीत घालून सीना नदीत सोडले. तेव्हापासून त्या घरात शेंदूर शिरलेला नाही. रंभाजी हे मान ताठ करून सांगतो, आणि मला त्याचं कौतुकच वाटत आलं आहे.

गेल्या पावसाळ्यात ती जागा खचायला लागली. आधी ताटाएवढा खळगा पडला. रंभाजीने मुरूम टाकून वर हरळी लावली. आठवड्यात पुन्हा खळगा. फाटकासमोर छबूबाई राहतात. ऐंशीच्या आसपासच्या, मळा त्यांच्या सासरचा. एरवी त्या बागेत पाऊल टाकत नाहीत, पण त्या दिवशी काठी टेकत आल्या.

"रंभाजी, हितं पोरं खेळू दिऊ नको," त्या म्हणाल्या. "आसरा वढून घेत्यात."

आसरा हा शब्द ऐकला आणि रंभाजीचे कान मिटले. माती बसतेच, काकू, एवढं त्याने अदबीने सांगितलं. पण बायकांच्या हाती पुरावा नको म्हणून तो उजाडताच येऊन खळगा बुजवू लागला. आधी घमेलं लागायचं, मग हातगाडी लागू लागली. एवढी माती जाते कुठे, असं मी विचारलं. घुशी लागल्या असतील, म्हणाला. मला ते पटलं नाही. मी गप्प बसलो.

दिवाळीनंतर नवा झोपाळा आला आणि नेमका तिथेच रोवला गेला. एकही आई पोराला त्याच्याकडे सोडेना. रंभाजी चिडला. दुसऱ्या दिवशी आपली नात यशोधरा हिला घेऊन आला आणि सगळ्यांसमोर तिला झोपाळ्यावर बसवलं. आयांनी आपापली पोरं ओढून घेतली. पोरगी खिदळत होती. मी मात्र बाकावरून उठलो, कारण झोक्याबरोबर एक खांब हलत होता आणि ते रंभाजीला दिसत नव्हतं. तो आयांच्या तोंडाकडे बघत होता.

मी ओरडलो. त्याच वेळी खांबाच्या बुडाशी गवत आत गेलं. काही आवाज झाला नाही. ढेकूळ पडलं, आणि बऱ्याच वेळाने खालून पाण्याचा आवाज आला. रंभाजीने झोका येता येताच पोरीला उचललं.

छबूबाई फाटकातून आत येऊन कडेच्या फरशीवर उभ्या होत्या. नातीला कडेवर घेऊन तो थेट त्यांच्याकडे गेला.

"काकू, खाली काय हाय?"

"बारव."

"मंग बारव म्हनायचं हुतं. आसरा कशाला म्हनला?" "माझी पोर गेली आसती."

छबूबाईंनी मान खाली घातली. "तुझा आजा आमच्या मळ्यात राबायचा. त्याची पोर तापानं फनफनली हुती, म्हनून त्यानं बारवेत घागर बुडवली. आमच्या मानसांनी त्याला तिथंच पायऱ्यांवर गुरावानी मारला, तसं त्यानं गाव सोडलं. सासूनं सांगितलेलं. तुझ्याम्होरं बारवेचं नाव कुठल्या तोंडानं घिऊ?"

 ज्या पाण्याला आज्याला शिवू दिलं नाही, त्याच्यावर रंभाजीने रोज हातगाडीने माती ओतली होती. त्याने पोरीला घट्ट धरलं.

"केवढी हुती?" त्याने विचारलं.

काठ कुठवर होता ते दाखवायला छबूबाई फरशीवरून काठी टेकत निघाल्या. घसरगुंडी मागे पडली. बाकं मागे पडली. हिरवळीवर आम्ही पोराबाळांसकट उभे होतो, तिथूनही त्या पुढे गेल्या, आणि अजून थांबल्या नव्हत्या.