बहिणीचा जबाब

ती घटना आठवली की आजही मला सर्वांत आधी आमच्याच पोलीस ठाण्याच्या दारावरचा फलक आठवतो. महिलांच्या सन्मानाविषयीच्या मोहिमेचा तो फलक होता आणि त्यावर एका व्यावसायिक फुटबॉलपटूचा हसरा चेहरा होता. हा खेळाडू आमच्याच हद्दीतल्या, किनाऱ्यावरच्या एका गावचा. परराज्यातल्या मोठ्या क्लबकडून खेळायचा आणि हंगाम संपला की गावी यायचा. त्याला मोहिमेसाठी बोलवावे, ही कल्पना माझी होती. तो आला, सभ्यपणे बोलला, टाळ्या घेऊन गेला. त्यानंतर काही दिवसांतच जिल्हा रुग्णालयातून फोन आला. मी तेव्हा सकाळची हजेरी घेत होतो.

दाखल झालेली स्त्री त्याची पत्नी होती. डॉक्टर म्हणाले, "विहिरीच्या पायरीवरून घसरले, असं त्या सांगतायत. पण साहेब, घसरलेल्या माणसाचे तळवे सोलवटतात, कोपर फुटतं. इथे दुसरं खरचटलेलंही नाही. एकच मार आहे, गुडघ्यावर, बाजूने. सांधा आतून फाटलाय."

स्टेशन डायरीत नोंद करून मी महिला अंमलदारासह रुग्णालयात पोहोचलो. खेळाडू पत्नीच्या उशाशी बसून तिला शहाळे पाजत होता. दाराशी कर्मचाऱ्यांची गर्दी होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन होता. मी त्याला बाहेर बसायला सांगितले. पत्नी मूळची दोडामार्गकडची, लग्नापूर्वी स्वतः चांगली फुटबॉल खेळणारी. लग्नानंतर गावातल्या मुलींना संध्याकाळी वाळूवर शिकवत असे. तिने जबाब दिला, "मी पायरीवरून घसरले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही."

आमच्या भागातले लोक कचेरीत आले की प्रमाण मराठी बोलतात, त्यात नवल नाही. पण वेदनेने कण्हणारी बाई एकही शब्द मालवणीत बोलत नाही, तेव्हा ते वाक्य पाठ केलेले असते. हे मला सेवेत केव्हाच कळले होते. तरीही, खरे सांगायचे तर, तो जबाब ऐकून मला हायसे वाटले. ती घसरलेलीच असावी, अशी माझी मनातून इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी गावात गेलो. चिऱ्याच्या पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या. पंच म्हणून उभे राहायला कोणी तयार होईना. शेजारच्या गृहस्थांना विचारले, "आरडाओरडा ऐकलात का?"

"दर्याची गाज सोडून हय कायच आयकाक येणा नाय, साहेब."

"नवराबायकोचं पटत होतं?"

"तेंचा? देवमाणूस तो," ते म्हणाले, आणि मिशीत हसून पुढे बोलले, "तुमीच मां तेचो फोटो दारार लावलास?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. मी पुढच्या घराकडे वळलो.

गाव गप्प का, हे एका म्हाताऱ्या दुकानदाराने हळू आवाजात सांगितले. आदल्या संध्याकाळी ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणे घातले गेले होते. घरातली गोष्ट घरात राहू दे, पोराच्या नावाला बट्टा लागू नये, असे मानकऱ्यांनी देवाला विनवले आणि घराघरातल्या माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणून शब्द दिला. आमच्याकडे माणूस न्यायालयात शपथ घेऊन खोटे बोलेल, पण देवळात दिलेला शब्द मोडणार नाही. मी अनेक तपासांत या शब्दापुढे हात टेकले आहेत.

एक नाव मात्र राहिले होते. घटनेच्या दिवशी खेळाडूची धाकटी बहीण माहेरी आली होती आणि लगेच सासरी, मिठबावला परतली होती. सख्ख्या बहिणीकडून काही निघेल, अशी मला आशा नव्हती. केवळ कागद पूर्ण व्हावेत म्हणून साध्या वेशात, महिला अंमलदाराला घेऊन तिच्याकडे गेलो. ती अंगणात कोकमाची सोले वाळत घालीत होती.

"बाय, तुमच्या गावात कोणी बोलायला तयार नाही," मी म्हणालो.

"बोलतीत कशे? देवळात गाराणा घातलेला आसा."

"मग तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही."

तिने हात झटकले. "मी खंयच्या गावची, साहेब? लगीन झाला, माजो गाव बदाललो, देव बदाललो. तेनी घरातल्या समद्यांका बांधल्यानी. माहेरवाशिणीची आठव कोणाक झाली नाय." मग तिने अंमलदाराकडे पाहिले. "बस गो, बाय. लिवन घे."

तिने सांगितले ते असे. गोव्यातल्या एका महिला संघाने तिच्या भावजयीला चाचणीसाठी बोलावले होते. नवऱ्याचा नकार होता. माझी बायको चड्डी घालून धावली तर लोक मला काय म्हणतील, असे त्याचे म्हणणे. तिने तरीही पिशवी भरली. त्याने आवाज चढवला नाही. तिला ओटीवर उभी राहायला सांगितले, एक पाऊल मागे गेला आणि बाजूने गुडघ्यावर लाथ मारली. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सख्खो भाव माजो. माजा लगीन तेनाच लावन दिल्यान," ती म्हणाली. "पण तो आवाज माज्या कानातसून जाणा नाय. आता माका माहेर ऱ्हवाचा नाय, ता माका म्हायत आसा."

खेळाडूला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले. तो फलकाखालूनच आत आला. मुलाखत द्यावी तसा ताठ बसला. "आम्ही दोघंही खेळाडू आहोत सर, एकमेकांचा आदर करतो," असे काहीबाही बोलत राहिला. मी त्याला बहिणीचा जबाब वाचून दाखवला. त्याने आपल्या पायांकडे पाहिले. मी विचारले, "रागात झालं असेल. पण गुडघ्यावरच का?"

तेव्हा तो पहिल्यांदा मालवणीत बोलला. "राग खंय इल्लो, साहेब? गुडघो गेलो काय खेळाडू संपता. जीव घेवक नाय मारलंय. जावक नये म्हणान मारलंय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खुनाच्या कबुल्या ऐकल्या आहेत. पण अशी कबुली पहिल्यांदाच ऐकली. ज्या ज्ञानाने त्याला मोठे केले, तेच त्याने मोजूनमापून बायकोवर वापरले होते आणि ते सांगताना त्याचा आवाज कापलाही नाही. मी बाहेर येऊन आधी फलक उतरवून घेतला. नंतर अटकेची कारवाई केली.

आता पत्नीची फिर्याद हवी होती. नणंद बोलली हे कळताच ती रडू लागली. मला वाटले, सुटकेने रडते आहे. ती म्हणाली, "काय केल्यात ह्या? पोरींच्या बापाशींनी पोरींका मैदानार धाडल्यानी ती हेच्या नावार. इतक्या मोठ्या खेळाडूची बायल शिकयता म्हणान. हेचा नाव गेला, आता एक पोरगी येवची नाय."

तिने गुडघा गमावूनही मौन पाळले होते ते त्या मुलींच्या खेळासाठी. तरी तिने फिर्याद दिली. सही करताना एवढेच म्हणाली, "नणंदेन माहेर सोडल्यान. मी गप ऱ्हवलंय तर तिका तोंड कसा दाखवू?"

तिचे भाकीत खरे ठरले. गुन्हा दाखल झाल्याचे कळले त्या संध्याकाळपासून मैदान ओस पडले. तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण गोव्याची संधी गेली ती गेलीच.

मी आता निवृत्त आहे आणि स्वतःला अनेकदा तपासतो. बाईचा मान राखा, हे सांगायला मला गोल करणाऱ्याचा चेहरा का लागला? बापांना मुलींना खेळू देण्यासाठी त्याचे नाव लागले, तसेच. त्याच्या पायातले कसब खरे होते. त्यावरून आम्ही त्याचे मन कसे आहे, हे ठरवून टाकले. नेहमी पुरावा मागणाऱ्या माझ्यासारख्याने तेवढ्या बाबतीत पुरावा मागितला नाही.

त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर समन्सच्या कामाने मी त्या गावात गेलो होतो. वाळूवर ती कुबडी टेकून उभी होती आणि समोर सात-आठ मुली होत्या, पूर्वीच्या निम्म्याही नव्हत्या. एकाही मुलीचा बाप आलेला नव्हता. आया आल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. मला त्यांनी ओळख दिली नाही. त्यातली एक पुढे झाली आणि तिला म्हणाली,

"पाय बरो आसा मगे?"

"पायाचा जावदे गो. तुजा चेडू रोज उशिरा येता, तेचा आधी बघ."

"उद्यापासून येळार धाडतंय," त्या मुलीची आई म्हणाली, आणि खेळ संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.