क्रेनबाखच्या न्यायालयाची शेजारीण

गेर्लिंडे पावेल्झिक यांची व माझी ओळख आमच्या प्रौढ वर्गात झाली. परंतु त्या शिकण्यासाठी आल्या नव्हत्या, भांडण्यासाठी आल्या होत्या. क्रेनबाखच्या जुन्या न्यायालयात, ज्या दालनात पूर्वी खटले चालत, तेथे आता उतारवयात अक्षरे गिरवणाऱ्यांचा वर्ग भरतो. एका दुपारी दार ढकलून पावेल्झिकबाई आत आल्या आणि अंगातला कोटही न काढता फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"न्यायाधीश इथं नाहीत, ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "पण मला जे बोलायचंय ते मी याच खोलीत बोलणार. तुमचं चालू द्या."

"आम्हाला आरोपी समजलात की काय, बाई?" मागच्या बाकावरून म्हाताऱ्या वेन्झेलने विचारले.

"या वयात पाढे म्हणत बसलायस, वेन्झेल. शिक्षा झाल्यासारखाच दिसतोस."

आमच्या शिक्षिका आनेग्रेट टील यांनी खडू खाली ठेवला. "बसून बोला ना, फ्राउ पावेल्झिक."

"बसून राहिले म्हणूनच तर घर हातचं चाललंय माझं."

घर हातचे कसे चालले होते, ते असे.

न्यायालयासमोरच्या पावाच्या दुकानात पावेल्झिकबाई लग्न झाल्यापासून विक्रीला उभ्या राहत. समोरची पिवळी इमारत कोण्या सरदाराने आपल्या कारभाऱ्यासाठी बांधली होती. पुढे राज्ये बदलली, झेंडे बदलले. न्यायनिवाडा मात्र तेथेच राहिला. नदीच्या अलीकडची सारी गावे त्या न्यायालयाच्या अधिकारात होती. घरमालक आणि भाडेकरू, मयताचे वारस, किरकोळ चोर, बांधावरून भांडणारे शेजारी, सगळे त्याच पायऱ्या चढत. आतला बोळ अरुंद व थंड असल्यामुळे लोक पावाच्या दुकानात वाट पाहत. वेळ झाली की शिपाई लूडगर पायरीवर येई आणि चौक ओलांडून हाक मारी, "राडेमाखर विरुद्ध फॉस." त्याबरोबर राडेमाखर आणि फॉस हातातले पाव तसेच ठेवून धावत. ते अर्धे पाव पावेल्झिकबाई फडक्याखाली झाकून ठेवीत. जिंकलेला माणूस परत येऊन पाव खाई. हरलेला बहुधा येत नसे. नाव पुकारल्यावाचून दालनाचे दार उघडणे हा क्रेनबाखमध्ये उद्धटपणा समजला जाई. लूडगर तशा माणसाला दंडाला धरून बाहेर आणीत असे.

मग राजधानीत कोणी नकाशावर नवी रेघ ओढली आणि आमची गावे नदीपलीकडच्या लॉइटहाइम न्यायालयाला जोडली गेली. सोय वाढेल, असे सांगण्यात आले. चौकात सकाळी कोणी येईनासे झाले. दुकान बंद पडले. पावेल्झिकबाई दुकानावरच्या खोल्यांत राहत होत्या, त्या तेथेच राहिल्या. त्यानंतर घरमालक ओटमार ब्रुंक यांनी कळवले की बहिणीच्या मुलीसाठी, स्वेन्यासाठी, खोल्या हव्या आहेत. बाई हलल्या नाहीत. ब्रुंक यांनी दावा लावला.

सुनावणीच्या दिवशी सकाळच्या बसने बाई लॉइटहाइमला पोहोचल्या. काचेच्या त्या इमारतीत त्यांनी आपले दालन शोधले आणि दारासमोरच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन, त्या बसल्या. छतातून मधूनमधून रेल्वे स्टेशनावर येतो तसा खरखरीत आवाज येत होता. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांना गाडी पकडायची नव्हती. थोड्या वेळाने ब्रुंक आणि त्यांचे वकील आले. ब्रुंक यांनी मान लववून नमस्कार केला आणि दोघे सरळ आत गेले.

'न बोलावता घुसले,' बाईंना वाटले. 'आता चांगली खरडपट्टी निघेल.' त्या मनातून खूश झाल्या आणि आपल्याला हाक मारणाऱ्या माणसाची वाट पाहत राहिल्या.

दार उघडले तेव्हा ब्रुंक कोटाची बटणे लावत बाहेर येत होते.

"तुम्ही इथं होतात होय? निकाल लागलासुद्धा. तुम्ही हजर नव्हता म्हणून आमच्या बाजूनं लागला."

"मला नमस्कार केलात ना आत जाताना?"

"मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी बसलाय."

बाई उठल्या आणि आयुष्यात प्रथमच न बोलावता न्यायाधीशासमोर गेल्या. खुर्चीत एक तरुण बाई होत्या.

"नाव पुकारलं होतं, लाउडस्पीकरवरून," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "दोनदा."

"दारापलीकडे बसले होते मी. तुमचं छत ओरडलं, पण एका माणसाला दार उघडून बघावंसं वाटलं नाही?"

न्यायाधीशबाईंनी मिटलेली फाइल पुन्हा उघडली. "दोन आठवड्यांच्या आत हरकत घ्या. प्रकरण पुन्हा ऐकलं जाईल. खाली कार्यालयात तोंडी सांगितलं तरी चालतं."

खाली बाईंनी इतके सांगितले की कारकुनाने पेन बाजूला ठेवले. शेवटी त्याने तीन ओळी लिहिल्या.

"एवढंच?"

"कायद्याला एवढं पुरतं, बाई."

"मला नाही पुरत."

उरलेले सारे घेऊन त्या आमच्या वर्गात आल्या होत्या. त्या दुपारी धडा झाला नाही. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना, बसच्या वेळापत्रकाला, ब्रुंक यांच्या नमस्काराला, कोणालाही त्यांनी सोडले नाही.

दुसऱ्या सुनावणीत स्वेन्याची साक्ष झाली. तिने ब्रेमेनमध्ये वसंतातच घर घेतले होते आणि मामांच्या खोल्या तिने कधी पाहिल्याही नव्हत्या. ब्रुंक यांचा दावा फेटाळला गेला, खोल्या राहिल्या. चौकात लोक अभिनंदन करू लागले, तर बाई त्यांच्यावरही उखडल्या.

"न्याय मिळाला म्हणू नका मला. राहतं घर होतं, तेच राहिलं. त्यासाठी मला दोनदा नदीपलीकडं नाचवलं."

आजही ब्रुंक समोरून आले की त्या रस्ता बदलत नाहीत. त्यांना बदलायला लावतात. नगरसभेच्या प्रत्येक बैठकीत उठून त्या विचारतात, आमचे न्यायालय कोणी नेले, त्याचे नाव सांगा. नाव अद्याप कोणी सांगितलेले नाही.

त्यांना मी एकदाच मवाळ आवाजात बोलताना ऐकले आहे. दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या दिवशी, वर्ग सुटल्यावर, त्या जिन्यात माझ्यासाठी थांबल्या होत्या.

"उद्या माझ्याबरोबर लॉइटहाइमला चला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. माझ्या शेजारी बसा, आणि छतातून माझं नाव आलं की मला सांगा."