खांद्यावरचा हात

आई गेली तेव्हा घरात तिचा एकच फोटो होता. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मोर्च्यातला. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या कारखानदार फुकटात ठेवून घ्यायचा, म्हणून या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. फोटोत आई सगळ्यांच्या पुढे, पदर कमरेला खोचलेला, तोंड वासून ओरडतेय. आणि तिच्या खांद्यावर हात टाकलेली मावशी, पलीकडच्या गल्लीतली. दोघींनी जन्मभर शेजारी बसून विड्या वळल्या.

दहाव्याला हार घालायला फोटो पाहिजे. हे भांडखोर ध्यान भिंतीवर लावायचं? मी शाळेत बाई, घरी चार माणसं येणार. लाज वाटली मला. आमच्याकडे स्टुडिओवाले मेलेल्या माणसाला फोटोत नवे कपडे चढवून देतात. आमच्या स्टुडिओवाल्यानं आईला जरीची साडी नेसवली. मी म्हटलं, "तोंड मीट तिचं." त्यानं मिटलं.

"खांद्यावरचा हात?"

"काढ."

मूळ फोटो मीच फाडून टाकला.

यंदा महिला दिनाला शुक्रवार पेठेतल्या एका हॉलमध्ये वस्तीतल्या पोरींनी प्रदर्शन मांडलं. घरोघरचे जुने फोटो, आपल्या बायकांची लढाई. माइक अर्थातच माझ्या हातात. आईचा जरीचा फोटो मधोमध लावला आणि मोर्च्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली की टाळ्या थांबेनात. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मावशी आली, कॉलेजातल्या नातीचा हात धरून. आधारकार्डाचा सोडला तर जन्मात तिचा तो मोर्च्यातला एकच फोटो निघाला होता, आणि तो नातीला दाखवायचा होता. मावशी फोटोच्या काचेजवळ गेली.

"ही कोण गं?"

"आई, मावशी."

"तुजी आय? आन् गप?" तिनं काचेवरून आईच्या खांद्यावर बोट फिरवलं. "मी कुटं हाय?"

नात फिस्सकन हसली. "रोज सांगती, मी सगळ्यांच्या पुढं होते, पोलिसाची काठी धरली होती. उगं काहीतरी!"

मावशी माझ्याकडे वळली. "सांग की हिला. माजा हात हुता का न्हाय तुज्या आयच्या खांद्यावर?"

मागे बायका उभ्या होत्या. आत्ताच माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या. एक 'होता' म्हणायचं होतं मला, बास. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

"मला नाही आठवत, मावशी," मी म्हटलं. "दुसरा कुठला तरी मोर्चा असेल तुमचा."

"बघ!" नात म्हणाली.

मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. घालायलाच हव्या होत्या. कारखानदाराला तोंडावर बोलणारी बाई ती. पण तिनं नुसता पदर सावरला आणि दाराकडे निघाली.

"आता परत कुणाला सांगत बसू नकोस, आज्जी," नात म्हणाली.

"व्हय," मावशी म्हणाली.