नकार लिहून मागणाऱ्या काकू

गजभियेकाकू खिडकीशी कधी भांडल्या नाहीत. त्या पेन पुढं करत. साधं निळं बॉलपेन, टोपण काढलेलं, कात्री देताना धरतात तसं टोक स्वतःकडे. आतला बाबू "नहीं होगा" म्हणाला की काकूंचा हात जाळीखालच्या फटीतून आत जाई. "ठीक है भैया. बस इतना लिख दीजिए, नहीं होगा, और क्यों नहीं होगा." हे त्या इतक्या मऊ आवाजात म्हणत की मागच्याला वाटावं, बाई पंखा जरा वाढवायला सांगताहेत.

राज्य सरकारनं बेरोजगारी भत्ता सुरू केला त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग मूळ कागद घेऊन तपासणीला हजर व्हायचं. आमची तपासणी रायपूरला बीरगांवच्या बाजूला एका सरकारी हॉलमध्ये चाले. मी सिलतऱ्यातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात सात वर्षं वजनकाट्यावर बसत होते, आत येणारे-जाणारे ट्रक मोजत. दिवाळीनंतर एका सकाळी कारखान्याच्या गेटला कुलूप दिसलं. भत्त्याला पात्र ठरतील असे आम्ही बाराजण एकदम घरी बसलो. भनपुरीत भाड्याच्या दोन खोल्या, घरात मी आणि आई, आणि आईच्या औषधांची यादी. माझं वय चौतीस, पस्तिशी उलटली की भत्त्याचं दार बंद. मला त्या भत्त्याची गरज किती होती हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, फार होती.

पहिल्या दिवशी रांगेत माझ्यापुढं एक मुलगी होती. तिचं निवास प्रमाणपत्र खिडकीवरच्या साहूजींनी "पुराना है, नया बनवा के लाओ" म्हणत परत सरकवलं. नवं बनवायचं म्हणजे तहसिलीचे तीन-चार हेलपाटे. मुलगी वळली. तेवढ्यात भिंतीजवळच्या घडीच्या स्टुलावरून एक बाई उठल्या. साठी उलटलेली, पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात शाळेच्या पोरींसारखे काळे बूट. त्यांनी पेन आत धरलं. साहूजी पेनाकडं पाहत राहिले, मग त्यांनी सूचनांचं चोपडं काढलं, पानं उलटली, शेजारच्याला विचारलं, पुन्हा उलटली. प्रमाणपत्र जुनं चालत नाही अशी ओळ त्यात कुठंच नव्हती. शेवटी त्यांनी शिक्का मारला आणि पेन परत दिलं. काकूंनी टोपण लावलं, "धन्यवाद भैया" म्हटलं आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. मी रांगेतच उभी राहून बघत राहिले. आमच्या घराण्यात सरकारी खिडकीवर एकतर हात जोडतात, नाहीतर घरी येऊन शिव्या देतात. ही तिसरी तऱ्हा मला माहीतच नव्हती.

"‘नाही’ बोलाले जीभ पुरते, माय," त्या नंतर मला म्हणाल्या. "लिहाले नियम लागते. अर्धे ‘नाही’ पेन पाहूनच पळून जातात."

वनमाला गजभिये हे त्यांचं नाव. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. काकूंनी एका सरकारी खात्यात तीस-एक वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. त्या टेबलाला ऑफिसात कुणी मान देत नाही. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा, तारीख टाकायची, वहीत चढवायचा, एवढंच काम. काकू मात्र त्या कामाबद्दल बोलू लागल्या की ऐकणाऱ्यानं पाठ सरळ करून बसावं. "नंबर पडला का कागद जिता झाला," त्या म्हणत. "मग त्याले कोणी गायब नाही करू शकत." एकदा त्यांच्याच साहेबाविरुद्धची तक्रार टपालात आली. साहेबानं स्वतः येऊन सांगितलं, हिला नंबर देऊ नका. काकूंनी त्यांच्यादेखत नंबर टाकला आणि पावती फाडली. पुढच्या महिन्यात त्यांची बदली थेट बस्तरात झाली, तेव्हा लेक दीड वर्षांची होती. हे सांगताना त्या हसत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर तो कागद मुकाट्यानं खणात गेला असता, हे मला तेव्हाच कळलं.

निवृत्तीनंतर भत्त्याची तपासणी सुरू झाली आणि काकू रोज डबा घेऊन त्या हॉलमध्ये येऊ लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणाकडून चहासुद्धा घेत नसत. हिंदी बोलणारे सगळे त्यांना दीदी म्हणत. माझं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, "मराठी हायेस का? मंग दीदी काहून म्हणतेस?" त्या दिवसापासून मी काकू म्हणू लागले.

आता माझं दुखणं. साहूजींनी माझे सगळे कागद पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "फॅक्टरी का कार्यमुक्ति पत्र लाइए." म्हणजे मला कामावरून कमी केलं असं कारखान्याचं पत्र. मी म्हटलं, कारखाना बंद आहे. ते म्हणाले, तसं लिहूनच आणा. कुणाकडून आणू? गेटवर एक म्हातारा गार्ड आणि दोन कुत्री उरली होती. तरी मी दोनदा सिलतऱ्याला जाऊन आले. गार्ड बिचारा म्हणाला, "बेटी, मैं तो अंगूठा लगाता हूँ." नोकरी नाही हे सिद्ध करायला मला नोकरी देणारा शोधायचा होता. आमच्यातल्या बाकी अकराजणांनाही त्याच वाक्यावर परत पाठवलं होतं.

काकू माझ्यासोबत खिडकीवर आल्या आणि त्यांनी पेन पुढं केलं. मला वाटलं, आता चोपडं निघणार, पानं उलटणार, शिक्का बसणार. साहूजी त्या दिवशी वैतागलेले होते. त्यांनी पेन घेतलं आणि खरंच लिहिलं: कार्यमुक्ति पत्र नहीं, अपात्र. खाली सही आणि शिक्का.

तोंडी होतं तोवर आशा तरी होती, आता अपात्र हा शब्द माझ्या नावापुढं कायमचा चिकटला. मी काकूंवर ओरडलेच, भर हॉलमध्ये. "तुमच्या पेनापायी माझं वाटोळं झालं!"

काकूंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. "वाटोळं नाही माय, कागदावरचा नकार सापडला," त्या म्हणाल्या. "तोंडच्या नाहीवर अपील करता येत नाही, याच्यावर येते. चाल घरी, आजच लिहू."

अपील लिहायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. लेक प्रज्ञा, बीएस्सी झालेली, सव्वीस वर्षांची, पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. तिला मराठी कळे, पण बोलायची ती हिंदीच. "पूरे मोहल्ले का करवाती हैं मम्मी," ती मला म्हणाली. "बस मेरा नहीं करवातीं." मी चमकून काकूंकडं पाहिलं. त्या लिहीतच होत्या.

"माही पेन्शन आहे ना. पेन्शनवाल्याच्या घरी भत्ता नाही, नियमात लिहून आहे."

"सब लोग राशन कार्ड अलग करवा रहे हैं," प्रज्ञा म्हणाली.

"कार्ड वेगळं केलं म्हणून लेक वेगळी होते काय? आणि ज्या नाहीले नियम आहे त्याले मी हात लावला, तर उद्या माह्या पेनाले कोण घाबरन?"

प्रज्ञानं बशी जरा आदळलीच. तिचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काकूंचा रागच आला होता. घरी परतताना रिक्षात मात्र तो राग टिकेना. एवढं खरं वागणारं माणूस मी तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं आणि त्याच्यापुढं नक्की काय वाटून घ्यायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

सुनावणीला मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही दोघीच गेलो. बाकीचे अकराजण बाहेर व्हरांड्यात उभे होते. काकूंनी अपिलात शेवटी ओळ घातली होती: बंद कारखान्याच्या कामगारांकडून हे पत्र मागू नये, असा लेखी आदेश व्हावा. साहेब भले होते. त्यांनी कागद वाचला, हसले आणि म्हणाले, "अरे, इतनी सी बात! मैं अभी फोन कर देता हूँ, आज ही हो जाएगा आपका. आदेश-वादेश के चक्कर में फाइल घूमेगी, दो-तीन महीने लग जाएँगे."

काकू म्हणाल्या, "सर, आवेदन इनका है. इनसे पूछ लीजिए."

साहेबांचा हात फोनवर होता. व्हरांड्यात अकराजण होते. दोन-तीन महिन्यांत मला पस्तीस पूर्ण होणार होती. काकू माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होत्या. मला वाटतं, मला लाज वाटू नये म्हणून.

मी म्हटलं, "सर, फोन कर दीजिए."

जिन्यात मी रडायला लागले. काहीबाही सांगत होते, आईचं, वयाचं, भाड्याचं. काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. "रडू नको. उपाशी माणसानं वाढलेलं ताट सोडाव, असं मी कोणालेच नाही सांगत," त्या म्हणाल्या. मग व्हरांड्यात जाऊन त्यांनी खेमलालला हाक मारली. खेमलाल आमच्याच कारखान्यात क्रेनवर मदतनीस होता, घरी दोन लेकरं. "चाल गा, खिडकीवर जाऊ. पहिल्यापासून."

त्यांनी खरोखर पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा खिडकी, पुन्हा लेखी नकार, पुन्हा अपील. साहेबांनी खेमलाललाही फोनचं विचारलं म्हणे. तो हात जोडून म्हणाला, "हमन ग्यारा झन हन साहेब, लिख के देव." आम्ही अकराजण आहोत, लिहूनच द्या. त्याची गरज माझ्यापेक्षा काडीनंही कमी नव्हती. फाइल फिरत राहिली, तो थांबला, बाकीचे दहाही थांबले. तोवर माझ्या खात्यात भत्ता येऊ लागला होता आणि मी त्या हॉलकडं फिरकणं बंद केलं होतं. वाटेत काकू दिसतील या भीतीनं मी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायची.

पावसाळ्याच्या शेवटी आदेश निघाला आणि सगळ्यांचं काम झालं, हे मला कुणाकडून तरी कळलं. त्यानंतर महिन्याभरातच काकू गेल्या. सकाळी हॉलला जायला निघाल्या होत्या, बूट घालायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी गेले. प्रज्ञा माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलली, "आई गेली," एवढंच. व्हरांड्यातल्या त्या अकराजणांनी काकूंना खांदा दिला. मी मागं मागं चालत होते.

थंडीत भत्त्याची फेरतपासणी आली. साहूजी बदलून गेले होते. नव्या बाबूनं माझी फाइल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. वर अपात्र लिहिलेलं, सहीशिक्क्यासह, आणि त्याखाली मंजुरी. मधे आदेशाचा एकही कागद नाही. "किसके आदेश से पास हुआ?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, साहेबांनी फोन केला होता. ते साहेबही आता तिथं नव्हते. "फोन फाइल में कहाँ लगाऊँ, मैडम?" त्याचं चूक नव्हतं. भत्ता थांबला. मला पस्तीस पूर्ण झाली होती, आणि नवा अर्ज करायची सोय राहिली नव्हती.

निर्लज्जपणे मी खेमलालकडं गेले. दुसऱ्या कुणाकडं जाणार? त्यानं माझं ऐकून घेतलं. आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आदेशाची प्रत आणली आणि माझ्या हातात ठेवली. आदेशाला कामगारांची यादी जोडलेली होती, काकूंच्या गोल अक्षरात. मी नावं मोजली. बारा होती. पहिलं माझं होतं.

"माझं नाव कसं यात?" मी विचारलं. "माझं तर तेव्हा होऊन गेलं होतं. मी तर निघून गेले होते."

खेमलाल म्हणाला, त्यानंही दीदींना हेच विचारलं होतं. तिचं काम झालंय, तर तिचं नाव काढून टाकू का? दीदी यादी लिहिता लिहिता मान वर न करता त्याच्याच बोलीत म्हणाल्या होत्या, "झन काट. ओला फेर लागही."

काढू नको. तिला पुन्हा लागेल.