पुट्टीखालचा नंबर

टेम्पोवाल्या काकूंचा स्वभाव असा, की कुणी गाडी आडवी घातली तर काच खाली करून त्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि पुढच्या चौकात तोच पंक्चर होऊन उभा दिसला, तर स्वतःचा जॅक काढून द्यायच्या.

नवरा गाड्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटरच म्हणत. शिडीवरून पडून त्याचा गुडघा कामातून गेला, क्लच दाबवेना, तेव्हा काकूंनी कंबर कसली, रीतसर परवाना काढला आणि टेम्पो हातात घेतला. त्यांच्या फेऱ्यांवर घर उभं राहिलं. तरी गाडी पेंटरच्या नावावर, आणि काकू जगाच्या लेखी नुसत्या ड्रायव्हर. हे त्यांना मनातून फार लागायचं.

मग हॉस्पिटलच्या चादरी धुलाईला नेण्याचं कायमचं काम निघालं. अट अशी, की जो चालवतो त्याच्याच नावावर गाडीची व्यावसायिक नोंदणी हवी, आणि कागद उद्या सकाळी हवा.

“मग करून टाक तुझ्या नावावर,” पेंटर म्हणाला. “मी काय गाडी उशाला घेऊन झोपणार आहे?”

त्याच दिवशी वाहन कार्यालयाच्या आवारात तपासणीचे साहेब आले. दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, मान डोलावली. मग चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायला ते खाली वाकले. नंबराचा ठसा उठल्याशिवाय नोंदणी होत नाही. कागदावर नुसतं काळं उमटलं.

“बाई, नंबर कुठाय?”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दरवर्षी तो गंज लागू नये म्हणून चासी रंगवायचा, पोटच्या पोरासारखी जपायचा.

“तिथं खाचा होत्या गं,” तो पुटपुटला. “पाणी साचायचं. मी पुट्टी भरून गुळगुळीत केलं.”

“अहो, तो नंबर होता!”

“नवी तारीख घ्या,” साहेब म्हणाले.

“साहेब, तुम्ही इथं कधीपर्यंत?”

“ही रांग संपेपर्यंत.”

काकूंनी गाडी वळवली आणि रांगेच्या शेवटी नेऊन लावली. हातपाय गाळणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्या कानस घेऊन खाली शिरणार, तोच पेंटर ओरडला, “कानस नको! आकडेच जातील!” आणि दुखरा गुडघा धरून स्वतःच गाडीखाली सरपटला. थिनर, चिंधी, काडीपेटीतली काडी. काळा थर गेला, लाल निघाला, त्याखाली पुन्हा काळा.

“किती प्रेम केलंत हो गाडीवर!” काकू टॉर्च धरून करवादल्या. “थोडं कमी केलं असतं तर चाललं असतं!”

पुढच्या ट्रकवाल्याने हे सगळं ऐकलं होतं. त्याची पाळी आली तेव्हा कागद खिशात असूनही तो मुद्दाम गाडीभर शोधत बसला. साहेब वैतागले, पण रांग थांबली.

शेवटी साहेबांनी पुन्हा कागद ठेवला. एकेक आकडा उमटू लागला, ट्रकवाला मोठ्याने वाचू लागला. शेवटच्या आकड्याला साहेब अडले. “तीन की आठ?” काकूंचा जीव टांगणीला लागला. पेंटरने नखाने खाचेतली पुट्टी कोरून काढली, साहेबांनी पुन्हा पेन्सिल फिरवली आणि जुन्या कागदाशी ताडून पाहिलं.

“तीन. बरोबर आहे.”

आवारात एकच गलका झाला. काकू भर रांगेत घळाघळा रडल्या आणि त्यांना त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

“अजून एक,” साहेब म्हणाले. “दारावर मालकाचं नाव लागतं. हे जुनं चालणार नाही.”

दारावर पेंटरचं नाव होतं, सावली देऊन, वेलबुट्टी काढून, तरुणपणी हौसेने लिहिलेलं. त्याने थिनरची चिंधी घेतली आणि एका दमात ते पुसलं. मग ब्रश काढला. बायकोचं नाव त्याने इतक्या सावकाश लिहिलं, की ज्यांची कामं झाली होती तेही घरी जायचे थांबले. साहेबांनी कागदावर शिक्का मारला.

बाहेर पडताना फाटकावरच्या पहारेकऱ्याने पेंटरच्या खिडकीशी येऊन हात पुढे केला. “मालक, कागद दाखवा.”

“मालकीण तिकडे बसली आहे,” पेंटर ताठ होऊन म्हणाला. “तिला विचारा.”

काकूंनी कागद पुढे केला.