केरूचा डबा

नवरा गेला तेव्हा हौसाचा केरू चार वर्षांचा होता. पालीजवळचं गाव सोडून ती रत्नागिरीला आली आणि मुलींच्या शाळेत पाणी भरायला लागली. पुढे घंटाही तिच्याच हाती आली. वीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

केरू मोठा होऊन माझगावच्या गोदीत रंगकामाला लागला. गाववाल्यांच्या खोलीत सात जणांबरोबर राहायचा. त्याला पत्र लिहायचा कंटाळा, आणि हौसाला वाचता येत नव्हतं. दर दुसऱ्या शनिवारी ती मुंबईच्या एसटीवर डबा नेऊन द्यायची. कुळथाचं पीठ, आमसुलं, भाजलेला सुका जवळा. ड्रायव्हर रावजी तिच्याच गावचा. तो आधीचा डबा परत आणायचा. कुणाचा डबा रिकामा पाठवायचा नाही ही आपली रीत, म्हणून त्यात मूठभर साखर असायचीच. झाकण उघडून हौसा म्हणायची, "बरा हाय माझा पोरगा."

त्र्याऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. शनिवारची शाळा. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या पद्मजाबाई वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. हौसा चहा घेऊन गेली.

"हौसाबाई, ऐका. रशियाचं आकाशात एक स्थानक आहे, घरच म्हणा. त्याच्याकडे सामान घेऊन यान गेलं. आत माणूस नाही, आपलं आपण जाऊन जोडलं गेलं."

"मग सामान उतरवून कोन घेनार?"

"सध्या तिथे कोणीच नाही. माणसं मागाहून जातील."

हौसा हसली. "गरिबाची चेष्टा करताय होय बाई? घरात कोन नाय, नि सामान पोचलं?"

"पोचायला घरात माणूस कशाला लागतो? खाली बसलेल्यांना एवढंच कळतं, की पोचलं."

हौसा कपबशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. त्या दिवशी सुट्टी संपल्याची घंटा पाच मिनिटं उशिरा झाली.

शाळा सुटल्यावर ती स्टँडवर गेली. रावजी गाडीची काच पुसत होता.

"रावजी, डबा कोनाच्या हातात देतोस?"

"खोलीवर जो असेल त्याच्या."

"नि साखर कोन घालतो?"

"घालतो कोणीतरी. आईचा डबा मोकळा कसा पाठवायचा?"

"केरूला कवा बघितलास?"

रावजी पुसलेलीच काच पुन्हा पुसू लागला. "विचारलं की पाळीवर गेलाय म्हणतात."

"तू कवा बघितलास?"

"गणपतीच्या आधी असेल, मावशी."

गणपती होऊन सहा महिने झाले होते. तेवढ्या महिन्यांची साखर हौसानं रोज चहात घालून प्यायली होती. ती दांडा धरून गाडीत चढली.

रावजी घाईनं दाराशी आला. "आज नको मावशी, उतरा. मी निरोप ठेवतो ना."

"कोनाजवळ?"

"तसं नाही... खोलीवालेच येणार आहेत तुमच्याकडे. चौघं जण. येत्या आठवड्यात."

"कामं टाकून चौघं? कशाला?"

रावजी वळून आपल्या जागेवर जाऊन बसला. मागून कंडक्टरनं गाडी सोडायला सांगितलं. हौसा खिडकीजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "चल."

रावजीला गाडी सुरू करायला बराच वेळ लागला.